आई जिवंत हव्यात

करागंडाजवळ, कझाकस्तान, १७ नोव्हेंबर १९९६

एर्नाताई,

तुमची खुशाली विचारत नाही. विचारली तरी तुम्ही ती तुमच्या भावाला, वाल्डेमारला कळवाल, मला नाही. बावीस वर्षं झाली मला तुमच्या माहेरी सून होऊन येऊन, तुमच्या एकाही पत्रात "झीनालाही नमस्कार" एवढे दोन शब्द आलेले नाहीत. रशियन सुनेला लिहायला शाई जास्त लागत असेल. असो. आज कामाचं लिहायचंय, म्हणून मीच लिहिते.

आई जर्मन भाषेच्या परीक्षेत पास झाल्या. वकिलातीतला तो पोरगेला साहेब त्यांच्याशी पुस्तकी जर्मन बोलायला लागला, तर आई त्यालाच म्हणाल्या, "नीट बोल रे बाबा, तोंडात बटाटा धरून काय बोलतोस?" तुमच्या त्या आजोळच्या बोलीत; अर्थ मला वाल्डेमारनं नंतर सांगितला. साहेब हसून लाल झाला. मग त्यानं विचारलं, लहानपणी घरी काय करायचे, आणि आईंनी चुरा घातलेला केक कसा करायचा ते अंडी फोडण्यापासून सांगायला सुरुवात केली. शेवटी त्यालाच थांबवावं लागलं.

वाल्डेमारचं मात्र सगळं मुसळ केरात. त्याला विचारलं, "सणाला घरी काय करायचात?" प्रश्न त्याला कळला, पण उत्तर रशियनमध्ये आलं. "प्यायचो." एवढंच. त्यापुढं अर्धा तास तोंडात मिठाची गुळणी. आमच्या एदिकला तर आत बोलावलंच नाही.

म्हणजे आता असं आहे. मूळच्या जर्मन म्हणून जर्मनीचं दार उघडेल ते आईंच्या नावानं. मुलगा आणि नातू त्यांचे वंशज म्हणून त्यांच्या मागून आत जातील आणि जर्मन होतील. आई पुढं, बाकीचे मागं. तुम्हाला तर असं कुणाचा पदर धरायचीही गरज नाही. तुम्ही आईंसारखंच बोलता. स्वतःच्या नावानं अर्ज करा, दाउलेतभावजी आणि मुलींना घेऊन पुढच्या वर्षी तिकडं असाल. आणि तुम्ही म्हणता, "मला जायचंच नाही." ज्यांच्या ताटात वाढलंय त्यांनी ताट सरकवायचं, आणि आम्ही दारात उभं राहून बघायचं.

आई रोज विचारतात, "एर्ना येणार ना?" एर्ना नसेल तर मी नाही, म्हणतात. इथं माझ्या गोट्लिबच्या कबरीजवळ जागा ठेवलीय, म्हणतात. तुम्ही त्यांना एक पत्र लिहा. तुम्ही नंतर याल एवढंच लिहा. येऊ नका हवं तर, पण लिहा. एदिक वसंतात अठराचा होईल, मग त्याला सैन्यात ओढतील. तुम्हाला मुली आहेत, तुम्हाला ते कळायचं नाही.

झीना


२ मार्च १९९७

एर्नाताई,

तुमचं पत्र आलं. "मी खोटं लिहिणार नाही, आईला तिच्या मातीतून उपटू नका, तुम्हाला नको झाली असेल तर माझ्याकडं आणून सोडा." छान लिहिलंय. नऊ वर्षं आईंच्या पायांना मलम मी लावतेय. तुम्ही वर्षातून एकदा येता, डब्यातून खिम्याच्या वाफवलेल्या मांती आणता, दोन तास आईंचा हात धरून बसता आणि शेवटची बस पकडून जाता. मग आई आठवडाभर मला सांगतात की एर्नाचा हात किती मऊ आहे.

तिकडून मंजुरी आली आहे. घर विकलं. गाय श्वेत्सच्या बायकोला दिली.

आणि आई दोनदा पडल्या. एकदा अंगणात, एकदा जेवताना, तोंडात घास तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय मध्येच थांबतंय, उन्हाळा बघतील असं वाटत नाही. तुम्हाला हे वाल्डेमारनं कळवलं नाही, कारण तुम्ही लगेच याल आणि त्यांना घेऊन जाल हे त्याला माहीत आहे. मीच लिहायला नको म्हटलं होतं.

शेजारच्या श्टुंपांचं ऐकलंत? म्हातारा निघायच्या आठवड्यात वारला. सगळ्या घराची कागदपत्रं त्याच्या एकट्याच्या नावावर, त्याचा श्वास थांबला आणि नऊ माणसांचे कागद चुलीत घालायच्या लायकीचे झाले. घर आधीच विकलेलं. आता स्वतःच्याच परसातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नव्या मालकाचे भाडेकरू म्हणून राहतात. त्यांची सून परवा मला नळावर म्हणाली, "झीना, म्हातारीला काचेच्या भांड्यासारखी ने. सीमा ओलांडेपर्यंत हिंदकळू देऊ नकोस." हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

आई जिवंत हव्यात, ताई. तिकडं पोचून त्यांच्या नावाची नोंद होईपर्यंत. त्यापुढचं देवाच्या हातात.

पण त्या तयार होत नव्हत्या. बिछान्याचा लोखंडी दांडा धरून बसायच्या. तुम्ही त्यांना पत्र लिहिलं नाहीत, म्हणून मग मला जे सुचलं ते मी सांगितलं. तुम्ही गेलात, असं सांगितलं. दाउलेतभावजींना घेऊन जानेवारीतच तुम्ही जर्मनीला पोचलात, घाईत भेटायला जमलं नाही, आणि आता तिकडं त्यांची वाट बघताय. आईंनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मला न सांगता गेली? एर्ना?" आणि रडल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः उठून पेटीत कपडे भरायला लागल्या.

तेव्हा आता तुम्ही इकडं येऊ नका. फोन करू नका. निरोपाला तर मुळीच येऊ नका. तुम्ही दिसलात की सगळं संपलं. माझ्यावर काय राग काढायचा तो नंतर काढा, कागदावर.

झीना


जर्मनीतल्या छावणीतून, २९ मे १९९७

एर्नाताई,

तुम्ही आलात. येऊ नका म्हटलं होतं, तरी आलात. निळा रुमाल बांधून रस्त्याच्या पलीकडं नळापाशी उभ्या होतात. वाल्डेमारनं तुम्हाला बघितलं आणि तो बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला, तो बस सुटेपर्यंत वर आलाच नाही.

आईंना कंपाउंडरनं पहाटे झोपेची सुई टोचली होती, तरी त्या जाग्या होत्या. डोळे अधू झालेत त्यांचे, पण माणसाची उभं राहण्याची तऱ्हा त्यांना लांबून ओळखता येते. मला म्हणाल्या, "ती कोण गं, निळ्या रुमालाची? आमच्या एर्नासारखी उभी राहते."

मी म्हटलं, "पोस्टातली बाई आहे."

"पोस्टातली बाई का रडते?"

"आपण चाललो म्हणून. सगळेच रडतायत, आई."

तुम्ही हात वर केलात. आईंनी पण केला. माणुसकी म्हणून, परक्या बाईला करतात तसा. मग बस सुटली.

मी तुम्हाला एक विचारते. तुम्ही रस्ता का ओलांडला नाहीत? चार पावलांचा रस्ता. मी काय तुम्हाला धरून ठेवलं होतं? तुम्ही "आई" अशी एक हाक मारली असतीत तर आई बसमधून उतरल्या असत्या, सुई टोचलेल्या पायांनी उतरल्या असत्या. तुम्ही मारली नाहीत. एदिकला तुम्ही कडेवर घेऊन फिरवलंय, तोही त्याच बसमध्ये होता. म्हणजे तुम्हालाही हवंच होतं आम्ही जावं, फक्त हात माझे बरबटायला हवे होते. बरबटले. आता सगळं माझ्याच नावावर लिहा.

विमानात त्यांचे ओठ निळे पडले. मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं, वरून शाल घातली आणि हवाई सुंदरीला सांगितलं, झोपल्यात. सगळा वेळ त्यांच्या नाकाजवळ हात धरून बसले.

इथल्या टेबलामागच्या साहेबानं आईंना विचारलं, का आलात? आई म्हणाल्या, "माझी लेक इथं आहे. तिच्याकडं आले." साहेबानं कागद चाळले, पुन्हा चाळले. "लेकीचं नाव?" मला जर्मन पुरेसं येत नाही, वाल्डेमार नेहमीप्रमाणं मुका. आमच्यामागं मोठी रांग होती, एक मूल भोकाड पसरून रडत होतं. साहेबानं मान हलवली आणि शिक्का मारला. आई, वाल्डेमार, एदिक. बाहेर आल्यावर वाल्डेमार म्हणाला, "चला. आता काय व्हायचं ते होऊ दे." त्याच्या आईला ऐकू गेलं का नाही ठाऊक नाही.

मी त्या टेबलाशी परत गेले आणि दुभाष्या बाईकडून विचारवलं, माझं काय? साहेबानं चष्मा काढला. सून वंशज होत नाही, म्हणाला. मुलगा रक्तानं, नातू रक्तानं. तुम्ही सोबत आलेल्या. तुम्ही यांची पत्नी म्हणून राहा, जर्मन व्हायचं असेल तर पुढं वेगळा अर्ज, वेगळी वर्षं. मी विचारलं, आणि पत्नी नसले तर? दुभाष्या बाईनं हा प्रश्न साहेबाला सांगितलाच नाही. मलाच म्हणाली, "असं इथं मोठ्यानं विचारू नये, बाई."

नऊ वर्षं ज्यांचं हगणं-मुतणं मी काढलं, त्यांच्या मागून सगळे आत गेले. मी उंबऱ्यावर.

झीना


१२ ऑक्टोबर १९९७

एर्नाताई,

आई बऱ्या आहेत. खरंच. इथल्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढी एक डबी बसवली. हृदय थांबायला लागलं की ती त्याला ढोसते. मरायला आणलेली बाई तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि कॉफी पाणचट आहे म्हणाली. आता जिना चढतात. मला म्हणतात, भांडी नीट विसळ.

आम्हाला एका वसतिगृहात दोन खोल्या मिळाल्यात. एकीत आई आणि मी. दुसरीत वाल्डेमार आणि एदिक, म्हणजे एदिक. वाल्डेमार बहुतेक तिथं नसतो. भाषेच्या वर्गात ओम्स्ककडची एक बाई आहे, एल्विरा. केस लाल केलेत. ती स्वतःच्या नावानं आलेली आहे, तिला कुणाची सोबत लागत नाही. तुमचा भाऊ बावीस वर्षांत माझ्याशी जेवढा बोलला नाही तेवढा तिच्याशी जिन्यात बोलतो, तेही जर्मनमध्ये. परीक्षेत फुटलं नाही ते तोंड आता फुटलंय.

मी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "ओरडू नकोस. मी उद्या ऑफिसात जाऊन आम्ही वेगळे राहतो म्हणून सांगितलं, तर तुझा राहण्याचा परवाना गेला. चार वर्षं एका छपराखाली नवरा-बायको म्हणून काढलीस तर तो तुझा स्वतःचा होतो. मी चौकशी केलीय." आधीच चौकशी करून आला होता, बघा. मी विचारलं, मग सांगत का नाहीस? तर म्हणाला, "आईला कोण धुणार? एल्विरा नाही म्हणते. आई दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही. तू आईचं कर, मी गप्प बसतो. आई आहे तोवर."

आई आहे तोवर. पुन्हा तेच, ताई. तिकडून निघायला त्या जिवंत हव्या होत्या. इथं राहायला मला त्याच जिवंत हव्यात. मे २००१ पर्यंत. मी त्यांची गोळी स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही.

त्या रोज तुम्हाला मागतात. मी सांगितलंय, तुम्ही पार उत्तरेला समुद्राजवळ माशांच्या कारखान्यात काम करता, सुट्टी मिळत नाही. आई म्हणाल्या, "एर्नाला माशाचा वास सहन होत नाही. लहानपणी ओकायची." मी म्हटलं, सवय झाली असेल. मग आई म्हणाल्या, "तिथं तिला चांगले हातमोजे देतात का?"

तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा. माझ्याकडं पाठवा, इथलं तिकीट मी लावीन.

झीना


१९ जानेवारी १९९८

एर्नाताई,

दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत तुम्ही. आता तरी वाचा.

रविवारी प्रार्थनेनंतर आपल्या गावची लिडा बाउअर भेटली. नुकतीच आलीय. आईंच्या गळ्यात पडली, आणि मी कोट घेऊन येईपर्यंत सगळं बोलून मोकळी. "एर्ना ना? बेकरीतच आहे अजून. निघायच्या आधी तिच्याकडूनच पाव आणला. गोट्लिबकाकांच्या कबरीला नवा रंग दिलाय तिनं."

घरी आल्यावर मी आईंचे बूट काढायला वाकले तेव्हा वरून आवाज आला.

"बसमधून मी हात केला, ती कोण होती?"

मी दुसरा बूट ओढला.

"झीना. ती कोण होती?"

"एर्नाताई."

"मी तिला परक्या बाईसारखा हात केला," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला."

मी म्हटलं, "तुम्ही आला नसतात ना, आई. तुम्ही आला नसतात तर एदिक आज खंदकात असता."

"एदिकचं तोंड पुढं करू नकोस. मला पन्नास वर्षांपूर्वीपासून माणसं ओळखता येतात. लढाईत आम्हा जर्मनांना पकडून नेलं तेव्हा पहारेकऱ्याच्या हाताखाली झाडं तोडलीत मी, तुझ्याच लोकांच्या. ते निदान बंदूक दाखवून न्यायचे." मग हसल्या. एवढ्या वर्षांत माझ्याकडं बघून त्या हसल्याचं मला आठवत नाही. "वाल्डी आणि तुझं काय ठरलंय ते मला माहीत आहे. भिंती पातळ आहेत इथल्या. तू माझ्या जिवावर जगतेस, गोचिडासारखी. बघू आता किती दिवस पितेस ते."

त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलंय. पाणी घेतात, चमचा जवळ नेला की दात मिटतात. शेवयांचं सूप केलं, तुमच्या पद्धतीचं. वाडगा हातानं सरकवला, मोठ्या सभ्यतेनं. वाल्डेमार दारात उभा राहून म्हणाला, "आई, खा ना गं." आणि घड्याळ बघितलं.

तुमच्याशिवाय त्या कुणाचं ऐकणार नाहीत. रविवारी संध्याकाळी इथल्या फोनवर फोन करा, नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. मी त्यांना खाली आणीन. सांगा की तुम्ही उन्हाळ्यात येताय, कायमच्या. खोटं असलं तरी सांगा. मी तुमच्यापुढं कधी पदर पसरला नाही. आज पसरते. मी परत आले तर जाऊ कुठं? घर विकलेलं, माहेर मला नाही, एदिक तिकडं येणार नाही. माझ्यासाठी नको, त्यांच्या पोटासाठी म्हणा.

तुमची,
झीना


१५ फेब्रुवारी १९९८

एर्नाताई,

काय सांगितलंत तुम्ही त्यांना?

मी शेजारीच उभी होते, पण तुमची ती बोली मला कधी कळली नाही. आई आधी नुसतं "हो गं, हो" म्हणत होत्या. मग एकच शब्द तीन-चारदा म्हणाल्या, तेवढा कळला. "घरी." फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "भूक लागलीय." दोन वाडगे सूप प्यायल्या. दुसऱ्या दिवशी बटाटे मागितले.

मला वाटलं, ऐकलंत माझं. तुमचे आभार मानायला मी पत्र लिहायला घेतलं होतं.

पण परवा त्या सकाळी उठून पेटी उघडून बसल्या. काळे बूट काढून कागदात गुंडाळत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ईस्टरला एर्ना न्यायला येते. चालायला ताकद हवी." म्हणून खातात, ताई. जायला ताकद हवी म्हणून.

वाल्डेमारला विचारलं. त्याला ठाऊक होतं. तुम्ही त्याला बेकरीतून पुन्हा फोन केलात म्हणे. इथं येण्यासाठी त्याच्या सहीचं आमंत्रण लागतं, ते त्यानं आणलं, सही केली. इतका खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "सगळ्यांचंच बरं होईल," म्हणाला. पाकीट माझ्याच हातात दिलं, पोस्ट माझ्या वाटेवर आहे ना.

तेव्हा काळजी करू नका. टाकते मी टपालात.

झीना


२४ जून १९९८

एर्नाताई,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. आमंत्रण अजून का आलं नाही, विचारताय. आलं नाही, कारण मी टाकलं नाही. पुलावरून खाली नदीत टाकलं. वाल्डेमारला म्हटलं, तिकडच्या टपालाचा भरवसा नाही. त्यानं दुसरं करून दिलं नाही, एल्विराची घर बदलायची गडबड होती.

ईस्टरपर्यंत आई रोज कोट घालून खालच्या बाकावर बसायच्या. येणारी प्रत्येक बस बघायच्या. मी त्यांना वर बोलवायला गेले की म्हणायच्या, "ही नाही, पुढची." ईस्टर झाला. त्यानंतरच्या बुधवारी बाकावरच त्या एका बाजूला कलंडल्या. मेंदूत रक्त साकळलं. हृदय नाही हो, हृदय उत्तम आहे, ती डबी एक ठोका चुकू देत नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळता येत नाही. डोळे मात्र लख्ख. सगळं कळतं त्यांना.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, आता दोन वाटा आहेत. पोटाला भोक पाडून नळी बसवता येते, अन्न थेट आत जाईल, अशी माणसं पुष्कळ जगतात. किंवा काही करायचं नाही, वेदना होऊ द्यायच्या नाहीत आणि हात धरून बसायचं. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही घरचे. तुम्हीच सांगा, त्यांना बोलता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?

वाल्डेमार खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "झीनाला विचारा. आईचं सगळं तीच करते." एदिक म्हणाला, "आई, आजीनं मागे जेवण सोडलं होतं ना, ते सांग की." मी त्याला रशियनमध्ये म्हटलं, तू बाहेर जाऊन बस. विसाव्या वर्षाच्या आत मुलाला असलं ऐकायची गरज नाही. तो गेला. मग मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. वाक्य मनात आधी जुळवून घेतलं, चुकायला नको म्हणून.

"त्या लेकीची वाट बघतात. लेक येणार आहे. त्यांना जगायचंय."

डॉक्टर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, अशी माणसं या देशाला हवीत.

नळी बसवली. आता आई घरी आहेत, आमच्या खोलीत. मी दिवसातून पाच वेळा पिशवी लावते. त्या डाव्या हातानं नळी ओढतात, म्हणून त्या हाताला मी कापसाचा मोजा घालून पट्टीनं पलंगाला बांधते. फार घट्ट नाही. पट्टी बांधताना त्या माझ्याकडं बघतात. मी पण बघते. पूर्वी मी नजर चोरायचे, आता तशी गरज वाटत नाही. दर दोन तासांनी कूस बदलते, पाठीला एक जखम होऊ दिलेली नाही. आठवड्यातून एकदा नर्स तपासायला येते, ती म्हणते असं स्वच्छ अंथरूण तिनं पाहिलेलं नाही. तुम्ही माझ्याबद्दल काय हवं ते म्हणा, पण आईंचं करण्यात मी कुठं कमी पडले असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

तुम्ही लिहिलंय, सोड तिला, झीना, मी तुझ्या पाया पडते, जाऊ दे तिला. त्याच पाकिटात आईंसाठी वेगळं पत्र होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. तुमची ती बोली तुम्ही रशियन अक्षरांत लिहिली होतीत, मला अर्थ लागत नव्हता, पण अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. त्यांना कळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं, ते मी पुसलं. मग पिशवी लावली.

डॉक्टर म्हणतात, एवढं मजबूत हृदय आणि ती डबी, अजून चार-पाच वर्षं सहज काढतील. मला तीनच पुरेत.

मे २००१ नंतर कधीही या आणि त्यांना घेऊन जा. त्या आधी आलात तर दार उघडणार नाही.

झीना